नको आणि नक्को

गेली पाच वर्षं मी एक पॉडकास्ट करते आहे. करते आहे म्हणजे जमेल तेव्हा करते. पेपर तपासणी, रमजान, घरातली लग्नकार्यं आणि निवडणुकीची ड्युटी वजा केली की जे दिवस उरतात त्यात एखादा भाग तयार होतो. त्यातून एक पैसा मिळालेला नाही आणि मिळेल असंही दिसत नाही. माझी मुलगी याला 'अम्मीचा छंद' म्हणते. शाळेतल्या सहकारी बाजी 'तुमचं ते रेडिओ' म्हणतात. मला दुसरं नाव जास्त आवडतं.

सुरुवात 2020 साली झाली, तीही गरजेपोटी. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते, एक-दोन वर्गांना उर्दूही. टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि व्हिडिओवर तास घ्या असा निरोप आला. आमच्या मुलांच्या घरात मोबाइल एक, तोही अब्बांच्या खिशात. अब्बा घरी आले की रात्री साडेनऊला मुलाच्या हातात फोन येणार, तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला. व्हिडिओ फिरत राहायचा, उघडायचा नाही. आवाजाचा संदेश मात्र लगेच जायचा. म्हणून मी रोज पाच मिनिटं बोलून पाठवू लागले. एक दिवस, एक शब्द.

शब्द मुद्दाम असे घेतले की जे मुलांच्या घरात आधीच आहेत. तारीख, हजर, अर्ज, शाई, दौत, जमीन, हुशार. आमच्या मुलांची पक्की समजूत असते की मराठी म्हणजे डोंगर आहे आणि आपल्याला त्यावर चढायचं आहे. त्यांना सांगायचं होतं की बाबांनो, अर्ध्या पायऱ्या तुमच्याच अंगणातून गेल्यात. शिवाजी महाराजांच्या काळात कारभाराच्या भाषेत फारसी शब्द इतके होते की त्यांना संस्कृत पर्याय देण्यासाठी 'राज्यव्यवहारकोश' करून घ्यावा लागला. कोश झाला, तरी हजर आणि तारीख कुठे गेले नाहीत.

पण मुलांना खरी मजा आली ती अर्थ बदललेल्या शब्दांत. मराठीत राजीनामा दिला की माणूस नोकरी सोडतो. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांत समझोता झाल्याचा कागद, नोकरी सोडायला इस्तिफा लागतो. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. आणि फाजील! आमच्याकडे आलिम-फाजील म्हणजे मोठा विद्वान. मराठीच्या बाईंनी 'फाजीलपणा करू नकोस' म्हटलं की मूल गोंधळणारच. एका मुलाने मला उलट आवाजी संदेश पाठवला होता, की बाजी, माझ्या मामूंच्या लग्नपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे फाजील लिहिलंय, ती मराठी शेजाऱ्यांना देऊ की नको?

शाळा सुरू झाल्या आणि संदेशांची गरज संपली. माझी सवय संपली नाही. मुलीने सांगितलं, हे पॉडकास्ट म्हणून टाक. त्यासाठी काय लागतं ते मी आठवडाभर वाचत बसले, आणि मग कळलं की फारसं काही लागत नाही. आवाजाची फाइल एका ठिकाणी ठेवायची आणि तिची एक यादी बनवायची, की हा नवा भाग आला, त्याचं नाव हे, तो इथे आहे. लोकांच्या फोनमधली ॲप ती यादी अधूनमधून वाचतात आणि नवं काही असलं की घेऊन येतात. सगळं तंत्र एवढंच. त्यामुळे खरं तर कुणाच्या मेहरबानीची गरज नसते. या प्रकाराला नाव नव्हतं तेव्हा 2004 साली बेन हॅमर्स्ली नावाच्या पत्रकाराने 'गार्डियन'मधल्या लेखात दोन-तीन नावं सुचवली, त्यातलं पॉडकास्टिंग टिकलं. आयपॉड हे यंत्र आता बनतही नाही. नाव राहिलं. शब्दांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. दौत कुणाच्या घरात आहे आता?

स्टुडिओ म्हणजे आमचं कपड्यांचं कपाट. दार उघडायचं, आत तोंड करून बसायचं, डोक्यावरून गोधडी घ्यायची. भिंतींवर आपटून येणारा आवाज कपड्यांत मुरतो, रेकॉर्डिंग घुमत नाही. मायक्रोफोन म्हणून इअरफोनचाच. कापाकापीसाठी ऑडॅसिटी, ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. पंख्याची घरघर त्यातून काढता येते कारण ती एकसारखी असते. सॉफ्टवेअरला नुसत्या पंख्याचा तुकडा ऐकवायचा, मग ते बाकीच्या आवाजातून तेवढं वजा करतं. कुकरची शिट्टी निघत नाही. भांडण निघत नाही. अजान निघत नाही.

अजानचं काय करायचं हा प्रश्न मला पहिल्या महिन्यातच पडला. आमच्या आसपास तीन मशिदी, तिघांच्या अजानमध्ये दोन-तीन मिनिटांचं अंतर. ऐकणाऱ्यांत माझे विद्यार्थी होते तसे मराठीचे शिक्षकही होते, बरेचसे मुस्लिमेतर. पार्श्वभूमीवर अजान ठेवली तर कुणाला वाटेल बाई काही सुचवू पाहतेय, आणि काढली तर मला वाटेल मी काही लपवतेय. शेवटी घरात जे करते तेच केलं. अजान सुरू झाली की बोलायचं थांबायचं. तिन्ही होईपर्यंत गोधडी बाजूला, पाणी प्यायचं, मग पुढचं वाक्य. नंतर तेवढा तुकडा कापायचा. कुणाला कळतही नाही, फक्त मला माझ्या वाक्यांतला तो सांधा ऐकू येतो.

मग यात अम्मा आली. ती आमच्याचकडे असते. वय सत्तरच्या पुढे, चौथीपर्यंत शाळा, आणि आयुष्यभर विड्या वळल्या. सोलापुरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीने कापलेली पानं, आणि रात्री हजाराचा हिशेब. बुधवारी रात्री आठ वाजता मात्र हिशेब थांबायचा, कारण रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला लागायची. 'बहनों' आधी म्हणून मग 'भाइयों' म्हणणारा हा माणूस अम्माला फार पसंत. 2024 च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा मी तिला सांगितलं की त्यांच्या आईने, कुलसुम सयानींनी, प्रौढांना शिकवण्यासाठी 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवलं होतं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी, पण छपाई नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, आणि अमीन त्यात आईला मदत करायचे. अम्मा म्हणाली, मग तो चांगलं का बोलायचा ते आता समजलं.

तर एका संध्याकाळी मी कपाटात बसून 'लवकर' या अर्थाच्या शब्दांवर बोलत होते. जलदी, झटपट, त्वरित. मागून आवाज आला, "बेगी कैकु नै बोली गे?"

बरोबर होतं. आम्ही घरात बेगी म्हणतो. खेड्यातला मराठी माणूस बिगीबिगी म्हणतो. तो शब्द मला सुचला नव्हता कारण तो माझ्या डोक्यात 'शब्द' म्हणून नोंदलेलाच नव्हता, तो नुसताच घरात होता. तिचं ते वाक्य मी भागात तसंच ठेवलं, तिला विचारून. ऐकणाऱ्यांनी माझ्यापेक्षा तेच जास्त उचललं. 'मागून बोलल्या त्या कोण?' असं चार-पाच जणांनी विचारलं.

त्यातून दखनीवरचे भाग सुरू झाले. आमच्या मुलांची घरची भाषा उर्दू, असं आम्ही फॉर्मवर लिहितो. प्रत्यक्षात ती दखनी आहे. दखनीत 'नहीं चाहिए' नाही, 'नक्को' आहे. 'मैं ही' नाही, 'मैंइच' आहे, मराठीतल्या 'मीच'चा च. अनेकवचन बातां, लोगां, औरतां असं होतं. 'मैंने कहा' असं कुणी म्हणत नाही, 'मैं बोली' म्हणतात. आणि 'बोलके' बघा. 'आतौं बोलके गया', म्हणजे 'येतो म्हणून गेला'. मराठीतला 'म्हणून' जी सगळी कामं करतो ती दखनीतला 'बोलके' करतो. दिल्ली-लखनौच्या उर्दूत हे सापडायचं नाही. आणि हे अडाण्यांचं बिघडलेलं बोलणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मुल्ला वजहींचं 'सबरस' आठवावं. 1635 सालचं, गोवळकोंड्याचं, दखनीतलं गद्य. वली औरंगाबादी दिल्लीला गेले ते 1700 मध्ये. दिल्लीच्या शायरांनी रेख्ता मनावर घेतली त्याआधी इकडे शंभर वर्षं दीवान लिहिले जात होते.

पण हे सगळं मला विद्यापीठातल्या पुस्तकांनी सांगितलं. वर्गात काय होतं? उर्दूच्या तासाला मूल 'मैं बोली' म्हणतं, आम्ही लाल शाईने 'मैंने कहा' करतो. मराठीच्या तासाला ते 'मला नक्को' म्हणतं, तिथेही हशा. दोन्ही तासांना मीच असते, म्हणून मला हे दिसतं. परीक्षेत प्रमाणभाषा लिहावी लागते, ते शिकवण्यासाठीच मला पगार मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र दोन्हीकडून लाल शाई लागलेलं मूल हळूहळू बोलायचंच कमी करतं. नववीपर्यंत काही मुली उभं राहून फक्त मान हलवतात.

अशा मुलींसाठी मला अम्माचे भाग हवे होते. अंगाईसाठी हवे होते, आणि चक्कीच्या गाण्यांसाठी. तिच्या आईच्या घरी जातं होतं आणि त्यावर गायची गाणी अम्माला अजून पाठ आहेत. विजापूर-गुलबर्ग्याच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' हा एक प्रकारच होता. बायका दळताना गातील अशा नज्मा, ज्यात जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा दिलेली, म्हणजे पीठ पाडता पाडता अल्लाहचं नाव. आणि आपल्या जात्यावरच्या ओव्या तर महाराष्ट्राला ठाऊकच आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आता त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर, कित्येक तर गाणाऱ्या बाईच्या आवाजासकट, ऐकता येतात. मी त्या ऐकत बसते तेव्हा अम्मा स्वयंपाकघरातून चाल ओळखते.

रेकॉर्ड करू का, असं विचारल्यावर मात्र ती म्हणाली, "पराए मरदां सुनिंगे. नक्को."

आता यावर घरात वाद होऊ शकतो, आणि झालाही. बाईच्या आवाजाला पडदा आहे की नाही यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. मी हजरत आयेशांचं उदाहरण दिलं. दोन हजारांहून जास्त हदीस त्यांच्याकडून आलेल्या, मोठमोठे सहाबा त्यांना विचारायला यायचे. अम्माने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू हजरत आयेशाँ है क्या? मैं है क्या?" याला उत्तर नसतं. शिवाय माझा स्वतःचा आवाज इतकी वर्षं बाहेर जातोय, त्यावर ती एका शब्दाने बोललेली नाही, उलट भाग उशिरा आला तर विचारते. तेव्हा कारण दुसरं काही असणार असं मला वाटत होतं.

ते कळायला वर्ष गेलं. एकदा टीव्हीवर 'गुमनाम' लागला होता, 1965 चा. त्यात मेहमूद बटलर आहे आणि तो हैदराबादी बोलतो. मी हसत होते. अम्मा म्हणाली, हा पिच्चर आला त्यानंतर विडी कारखान्यात माल घेणारा मुनीम तिला मुद्दाम बोलायला लावायचा. बाकीच्या बायकांचा माल मोजायचा आणि हिला म्हणायचा, ए, बोल की जरा. ती 'नक्को' म्हणाली की पलीकडचे सगळे हसायचे. म्हणून ती माल देताना गप्प राहायला शिकली. मोजणीत विड्या कमी धरल्या तरी गप्प. "बोलना आता नै बोलके हसतैं," ती म्हणाली. पराए मरदां म्हणजे हे.

मेहमूद माझा आवडता नट आहे आणि त्याने काही वाईट केलं असं मला म्हणायचं नाही. पण विचार करा, या भाषेत चारशे वर्षांपूर्वी बादशहांनी कविता केल्या आणि पडद्यावर ती आली की येते ती हसवायलाच. आजही यूट्यूबवर दखनी शोधली तर हैदराबादी विनोदाचे व्हिडिओ आधी येतात. चांगले असतात, मी आवडीने पाहते. फक्त त्यातलं कुणी दखनीत रडत नाही, कर्जाचा हिशेब करत नाही, दुआ मागत नाही. गुलबर्ग्याकडच्या सुलेमान खतीबांना हे जमलं होतं. त्यांच्या नज्मा ऐकताना मुशायऱ्यात लोक आधी पोट धरून हसायचे आणि शेवटाकडे डोळे पुसायचे. 'केवडे का बन' आमच्या घरात आहे, पानं सुटलीत.

आणि मग ते मांजराचं प्रकरण झालं. माझा भाचा अकरावीत आहे. त्याने एका भागातून अम्माचं एक वाक्य कापलं. जेवायचा आग्रह चालला असताना ती मागून म्हणाली होती, "नक्को बोली तो नक्को!" ते त्याने एका मांजराच्या व्हिडिओवर बसवलं. मांजर दुधाच्या वाटीकडे पाठ फिरवतं आणि अम्मा बोलते. सहा-सात सेकंदांचा मामला. आधी खानदानाच्या ग्रुपवर, मग मोहल्ल्यात, मग कुठे कुठे. खालच्या मजल्यावरच्या मराठी काकूंनी भाजीवाल्याला तेच ऐकवलं, त्याच सुरात. माझ्या वर्गात मुली एकमेकींना म्हणू लागल्या. ज्या भागातून ते कापलं तो अठरा मिनिटांचा आहे आणि त्यात मी सबरसबद्दल बरंच चांगलं बोललेय, तो पूर्ण ऐकणारे किती असतील ते विचारू नका.

मी घाबरले होते ते अम्मासाठी. मुनीमच पुन्हा दारात आल्यासारखं वाटलं. भाच्याला बोलावून घेतलं, तो कान पकडून तयारच होता. अम्माने व्हिडिओ तीनदा पाहिला. चष्मा लावून चौथ्यांदा पाहिला.

"बिल्ली किस्की है?" तिने विचारलं.

मग म्हणाली, मांजराचं तोंड अजून थोडं उशिरा फिरायला हवं, बोलणं आधी संपतंय. भाच्याने तिथेच बसून दुरुस्त केलं. पुढे तिने एक गोष्ट विचारली जी मला तेव्हा सुचली नव्हती. हसणाऱ्यांपैकी किती जण हे स्वतः बोलून बघतायत? मी म्हटलं, बरेच. काकू, वर्गातल्या मुली, सगळ्याच. त्यावर तिने मान हलवली. मुनीम कधी बोलून बघायचा नाही, म्हणाली, तो फक्त बोलायला लावायचा.

मला स्वतःला अजून या रीलबद्दल पूर्ण बरं वाटत नाही. शिक्षकी पेशाचा दोष असेल. सात सेकंदांत भाषेची ओळख होते आणि ती सात सेकंदांचीच राहते असं मला वाटतं. भाचा म्हणतो, खाला, तुमच्या अठरा मिनिटांपर्यंत कुणी आलंच नसतं. त्याचंही खोटं नाही, त्यानंतर नव्या ऐकणाऱ्यांचे संदेश आले, त्यात विदर्भातल्या एका मराठीच्या शिक्षिकेने विचारलं की तुमच्याकडच्या 'बोलके'वर अजून उदाहरणं आहेत का. अशा एका पत्रावर माझे दोन महिने निघतात.

चक्कीची गाणी मात्र बाहेर गेलेली नाहीत. अम्माने ती रेकॉर्ड करू दिली, दोन दुपारी, मी आणि मुलगी दोघीच असताना. "हसन देव, पन ये नक्को डालो उसमें." एकूण अकरा गाणी आहेत. मूळ फाइल लॅपटॉपवर, एक प्रत पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह तिने स्वतःकडे मागून घेतला आणि निकाहनाम्याच्या पिशवीत ठेवला. माझ्या मुलीला एक गाणं पाठ झालंय, ती भांडी घासताना गुणगुणते, त्याला अम्माची हरकत नाही.

सध्या आमचं विड्यांच्या भागावर चाललंय. हा तिचाच हट्ट. पान, कात्री, सूत, सूप, प्रत्येकाला दखनीत काय, मराठीत काय आणि शेजारच्या तेलुगू बायका काय म्हणायच्या, हे सगळं ती सांगणार आहे, आणि मोजणीत विड्या कशा कमी धरल्या जायच्या तेही. नाव द्यायचं नाही अशी अट आहे. पान कापताना कात्रीचा जो आवाज येतो तो तिला भागाच्या सुरुवातीला हवाय, म्हणून ओळखीतून पानांची एक जुडी आणून भिजवून ठेवली आहे. तो आवाज इतका बारीक की त्यासाठी पंखा बंद करावा लागणार, आणि सोलापुरात मे महिना चालू आहे.